खालची कडी

१

कारखान्याचं शटर सकाळी नऊला वर जातं. आधी लेथ सुरू होतो, मग ड्रिल, आणि दहाच्या सुमाराला मागच्या सिमेंटच्या टाकीत नवे पंप सोडून पाणी ओढून बघतात. त्या आवाजात पत्र्याच्या केबिनमध्ये बसून माझी ताई पाच वर्षं गिऱ्हाइकांना मेल लिहीत होती. पंप पाणी ओढत नाही, पंप गरम होतो, पंप ओरडतो. दिवसाला तीस-चाळीस तक्रारी. ती प्रत्येकाला उत्तर द्यायची.

ताईचं नाव कस्तुरी. कारखान्यात सगळे तिला अक्का म्हणायचे, वयाने मोठे होते तेही. गणपतीच्या आठवडाभर आधी आमच्या घरासमोर रस्ता ओलांडताना तिला टेंपोने उडवलं. मी तिचा धाकटा भाऊ, सयाजी. आठवीत शाळा सोडली. मिरजेहून तिनेच मला बेंगळुरूला आणलं, आणि तीन वर्षांत मी इथल्या पाच नोकऱ्या सोडल्या. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी कसा आहे ते कळेल.

मिरजेला दिवसकार्य उरकून परत आलो आणि तिच्या खुर्चीवर राहिलेला स्वेटर आणायला पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात गेलो. मालक दामोदरकाका केबिनमध्येच बसले होते. त्यांच्या आजोबांपासून घर इथलं. मराठी बोलतात, पण मध्येच कन्नड येतं.

"सया, बस. ऊट आयता?"

जेवलो नव्हतो. "झालं," म्हणालो.

"खोटं. तुझी अक्कापण न जेवता झालं म्हणायची, तोंडावरून कळायचं." त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "गिऱ्हाइकं विचारतात, मॅडम कुठे. मी अजून कोणाला सांगितलं नाही. सांगवत नाही रे."

त्यांचा पुतण्या ईशान शेजारी उभा होता. तो कोरमंगल्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. म्हणाला, "काका, कॉम्प्युटरमधलं हे एआय आता मेल वाचणार आणि स्वतःच रिप्लाय पाठवणार. फक्त इन्स्ट्रक्शन्स नीट द्यायच्या." मग माझ्याकडे वळला. "सयाजी, नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला सांगतो ना, असं बोल, असं बोलू नको? ते या चौकटीत लिहायचं. मराठीत लिही, बिनधास्त. त्याला सगळं कळतं."

"मी का?"

"ती कशी बोलायची ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत?" काका म्हणाले.

मी स्वेटर घ्यायला गेलो होतो. तिच्या खुर्चीत बसलो.

२

एकूण नऊ नियम लिहिले. दोन बोटांनी टाइप करत दुपार गेली.

पहिला: उत्तर देताना आधी जेवण झालं का ते विचार. दुसरा: गिऱ्हाइकाची चूक असली तरी त्याला तसं म्हणू नको, पंपाची म्हण. तिसरा: माणूस रागात असेल तर लगेच उत्तर देऊ नको. थांब. मग आधी विचार, राग गेला का, आणि मग कामाचं बोल.

तिसऱ्यावर ईशान हसला. "अरे, हे घेतलंय कशासाठी? फटाफट रिप्लाय जावा म्हणून. आणि तू थांब म्हणून सांगतोस?"

"ताई थांबायची."

"किती वेळ?"

"समोरच्याचा राग जाईपर्यंत."

चौथ्यापासून आठव्यापर्यंत तिच्या बारीकसारीक सवयी होत्या. नववा नियम: खाली नाव कस्तुरी असंच राहू दे. हा ईशानला पटला नाही. "हे स्वल्प विचित्र नाही वाटत? दुसरं एखादं नाव दे ना."

मी उठलोच. "मग तूच लिही. मला काय करायचंय."

"राहू दे रे, ईशान," काका म्हणाले. "सरी, ठीक आहे. राहू दे नाव."

पहिलं उत्तर बेळगावच्या कृष्णाजी मास्तरांना गेलं. निवृत्त शिक्षक, दर महिन्याला काहीतरी तक्रार काढणारे. "सर, जेवण झालं का? पंपाने तुम्हाला पुन्हा त्रास दिला म्हणायचा. त्याचे कान उपटू, पण आधी एक सांगा..." मी ते तीनदा वाचलं. मग संडासात जाऊन नळ सोडला आणि रडलो.

दुसऱ्या दिवसापासून मी कारखान्यात पॅकिंगला लागलो. काकांनी विचारलं नाही, मीही नाही. दुपारच्या सुट्टीत केबिनमध्ये बसून तिचाच डबा खायचो. डबा स्टीलचा, एका बाजूने चेपलेला. पोलिसांकडून तसाच परत आला होता. खाता खाता तिची उत्तरं वाचायचो. कन्नड असो, इंग्रजी असो, एक बटण दाबलं की मराठीत दिसायचं. वाटायचं, ती पलीकडच्या खोलीत आहे आणि कामात आहे.

३

आठवडा गेला. तुमकूरच्या एका गिऱ्हाइकाने लिहिलं होतं की पंप आवाज करतो. उत्तर गेलं होतं: "जेवण झालं का? आवाज सलग येतो, की तीनदा येऊन थांबतो आणि मग एकदा येतो?"

माझ्या हातातला घास खाली आला.

आता मला ते सांगावं लागेल. कोणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीखाली आहे. दार लोखंडी. वर लॅच आहे, ते बाहेरून चावीने उघडतं. खाली पायाजवळ उभी कडी आहे, जमिनीतल्या भोकात उतरते. ती फक्त आतून लागते. मी घरी असलो की ताई सकाळी निघताना सांगायची, "खालची कडी लावू नको, मला यायचंय."

त्या दिवशी मी इंदिरानगरच्या हॉटेलातली नोकरी सोडून आलो होतो. पाचवी. तिने फोनवर खूप बोलून घेतलं. तिने माझा दहावीचा फॉर्म भरला होता, बाहेरून परीक्षेचा. मी म्हणालो, मला तुझी परीक्षा नको, तू माझी आई नाहीस. फोन ठेवला आणि खालची कडी लावली. कानात इयरफोन घालून पडलो.

संध्याकाळी सातला ती आली. चावी फिरली, दार अडलं. तिने डब्याने दार वाजवलं. टण टण टण. थांबली. टण.

इयरफोनमधूनही ते ऐकू आलं. गाणं मी मुद्दाम मोठं केलं.

"सया, स्वल्प उघड रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

मी ठरवलं, पाच मिनिटं उभी राहू दे. पाचच. घड्याळ बघून पडून राहिलो. पाच मिनिटांनी कडी उचलली तर बाहेर कोणी नव्हतं. मग खालून ओरडा ऐकू आला.

सगळ्यांना मी सांगितलं की ती कामावरून घरी पोचलीच नाही. समोरचा दुकानदार म्हणाला, दूध घेऊन परत निघाली होती. घरातलं दूध संपलं होतं हे तिला आठवलं असणार. ती मला सोडून जात नव्हती. उघडेपर्यंत दूध आणू, असं म्हणून खाली उतरली होती.

तीनदा आणि मग एकदा, हे दाराबाहेरच्या तिला आणि दाराआडच्या मला, दोघांनाच माहीत होतं.

४

ईशानला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता, तरी बोलला.

"तिचे पाच वर्षांचे मेल त्याला वाचायला दिलेत. कुठेतरी लिहिलं असेल तिने कोणाला."

पटण्यासारखं होतं. पण मी सलग दोन दिवस तिचे जुने मेल धुंडाळले. आवाज, खडखड, ठोके, धक्के, सगळे शब्द शोधले. तिने कोणालाही असं विचारलेलं नव्हतं. उलट आता गिऱ्हाइकांची उत्तरं येत होती. तुमकूरवाला म्हणाला, हो, तीनदा आणि मग एकदा, तुम्हाला कसं कळलं? हासनहून एकाने तेच लिहिलं. होसूरहून एकाने लिहिलं की पंप बंद असतानाही येतो.

मी मागच्या टाकीजवळ जाऊन नव्या पंपांना कान लावून बसलो. काही नाही. नुसती पाण्याची घरघर. टेस्टिंगवाला म्हणाला, "काय रे, पंपाला ताप आलाय का?"

मी स्वतःला समजावलं. कोणालाही विचारलं, तुझा पंप असा वाजतो का, तर माणूस तसंच ऐकणार. डॉक्टरने विचारलं की इथे दुखतं का, की दुखायला लागतं. तसंच हे.

पण विचारलं का, याला उत्तर नव्हतं. आणि उद्या पुढचं विचारलं तर? डबा, दार, पाच मिनिटं?

त्याच दुपारी, जेवणही न संपवता, मी चौकट उघडली आणि दहावा नियम लिहिला: खालच्या कडीबद्दल कोणाला सांगू नको.

सेव्ह केल्यावर बरं वाटलं. मग डब्याचं झाकण लावताना लक्षात आलं की कडीबद्दल त्याला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मीच सांगितलं.

५

दोन दिवस शांत गेले. उत्तरं साधी, नेहमीसारखी. तिसऱ्या दिवशी केबिनमधला फोन वाजला. काका टाकीकडे होते म्हणून मी उचलला.

"कोण बोलतंय? कृष्णाजी मास्तर, बेळगाव. बाईंना द्या जरा."

"त्या... बाहेर गेल्यात."

"बरं, मग तू ऐक पोरा. मी विचारलं, फूटव्हॉल्व पितळी घालू का प्लास्टिकचा. साधा प्रश्न. त्यांचं उत्तर वाचू? 'सर, जेवण झालं का? पितळी घाला. खालच्या कडीबद्दल मला बोलायची मनाई आहे.' आता ही कडी कुठली काढली? पस्तीस वर्षं पोरांचे पेपर तपासले मी, विचारलं काय आणि लिहिलंय काय, असं माझ्या वर्गातला ढ पोरगाही करत नव्हता."

"चुकून गेलं असेल सर."

"बाईंची तब्येत बरी आहे ना? आणि मनाई कोणी केली त्यांना?"

मी वळून बघितलं. काका दारात उभे होते. त्यांनी फोन घेतला, मास्तरांशी गोड बोलले, ठेवला. मग खुर्ची ओढून समोर बसले.

"सया, कडी कसली?"

"मला काय माहीत."

"नियम तू लिहितोस."

"मशीन आहे काका. काहीही लिहितं."

ईशानला स्पीकरवर घेतलं. तो म्हणाला, "जे बोलू नको म्हणून लिहितो, कधीकधी तेच त्याच्या डोक्यात बसतं. लहान मुलासारखं. पण तसा रूल कोणी लिहिलाय का?"

काका माझ्याकडे बघत राहिले. बाहेर लेथ बंद झाला.

"आयुधपूजा होऊन जाऊ दे," काका शेवटी म्हणाले. "मग हे काढून टाकू. गिऱ्हाइकांना खरं काय ते सांगू. गेलेल्या माणसाचं नाव असं कामाला जुंपायचं नव्हतं. चूक माझी." उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुला काही सांगायचं असेल तर मी आहे."

सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "पॅकिंग राहिलंय."

आता मला दोन गोष्टींची भीती होती. ते बोलत राहील याची, आणि ते बंद होईल याची.

६

आयुधपूजेच्या दिवशी सगळी यंत्रं धुऊन पुसून झाली. लेथला झेंडूची माळ, ड्रिलला माळ, केबिनमधल्या कॉम्प्युटरला हळदकुंकू. गेटवर कोहळा फोडला, त्यातलं लाल कुंकू पायरीवर ओघळलं. काकांनी स्वतः मेन स्विच खाली केला. त्या दिवशी कुठल्याही अवजाराला कामाला लावायचं नसतं. बारा वाजेपर्यंत कडलेपुरीच्या, म्हणजे चुरमुऱ्यांच्या पुड्या घेऊन सगळे घरी गेले. शटरची किल्ली माझ्याकडे होती. मी मागे राहिलो.

बंद कारखाना मी कधी ऐकला नव्हता. टाकीच्या नळातून थेंब पडत होता, बस. केबिनमध्ये तिच्या खुर्चीत बसून मोबाइलवर चौकट उघडली; ती इंटरनेटवर चालायची, मेन स्विचशी तिचा संबंध नव्हता. दहावा नियम पुसायला.

तिथे लिहिलं होतं: खालच्या कडीबद्दल कोणाला सांगू नको. मी पण नाही सांगणार.

पहिलं वाक्य माझं होतं.

मी फोन टेबलावर ठेवला. पुन्हा उचलला. आधी वाटलं ईशानने चेष्टा केली. पण ईशान असा नाही, आणि त्याला काय ठाऊक. मग वाटलं मीच लिहिलं असेन, तिच्या जाण्यापासून मला नीट झोप नाही, अर्धं आठवत नाही. हे खरं असू शकतं. मी ते अजून नाकारत नाही.

पण तेव्हा मी विचार केला नाही. मी कधीच करत नाही. स्वतःच्या मोबाइलवरून कारखान्याला मेल केला, गिऱ्हाईक असल्यासारखा: "माझं दार वाजतं. मी काय करू?"

एरवी मिनिटाभरात उत्तर जातं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. थेंब पडत राहिला. उत्तर आलं नाही. मग कळलं. तिसरा नियम. माणूस रागात असेल तर थांब.

मी रागात नव्हतो. एवढंच मला तिला सांगायचं होतं, आणि सांगायला जागा नव्हती. शटर ओढलं, डबा आणि पुडी घेतली आणि चालत घरी निघालो. गल्ल्यांत सगळ्या गाड्या धुऊन, हार घालून, चाकांखाली लिंबं ठेवून उभ्या होत्या. आमच्या घरासमोर एक टेंपो होता, पुढे केळीचे खांब बांधलेला. मी त्याच्याकडे न बघता जिना चढलो.

दुसऱ्या मजल्यावर फोन टिंग झाला. मेल होता. जेवणाचं विचारलं नव्हतं. एकच ओळ.

"राग गेला का?"

७

चावी फिरली. दार ढकललं. वरून सुटलं, खालून अडलं.

सकाळी मी दार ओढून गेलो होतो. आत कोणी नव्हतं. पण उभी कडी आहे, दणक्याने आपोआप भोकात पडू शकते. एकदा पडलीही होती, तेव्हा घरमालकाने खिडकीचे गज काढून आत माणूस सोडला होता. मी जिन्यात उभा राहून स्वतःला हे सगळं सांगितलं. भर दुपार होती. टाकीवर कबुतरं होती.

मग मी डब्याने दार वाजवलं. तीनदा. थांबलो. एकदा. का वाजवलं ते विचारू नका.

आतून बारीक गाण्याचा आवाज येत होता. कानात घातलेल्या इयरफोनमधून बाहेर गळतो तसा. मी दाराला कान लावला तेव्हा तो मोठा झाला.

"ताई," मी म्हणालो. "स्वल्प उघड ग."

काही नाही. मी उभा राहिलो. बाहेर उभं राहिल्यावर पाच मिनिटं किती असतात, ते मला माहीत नव्हतं. डबा हातात जड होतो. शेजारचे बघतात की काय असं वाटतं. आपलं काय चुकलं ते आपण आठवत राहतो.

मी पायरीवर बसलो आणि मोबाइलवर ती चौकट उघडली. दहावा नियम पूर्ण पुसला. त्या जागी लिहिलं: ती घरी आली होती. खालची कडी मी लावली होती. पाच मिनिटं मुद्दाम उघडलं नाही. जो विचारेल त्याला सांग. नाही विचारलं तरी सांग.

सेव्ह केलं.

गाणं थांबलं. मग दाराच्या पायथ्याशी लोखंड घासल्याचा आवाज आला. हळू, वर.

कडी आपोआप खाली पडू शकते. वर मात्र कोणीतरी उचलावी लागते.

दार चार बोटं उघडलं. आत पडदा ओढलेला होता, अंधार होता. गॅस पेटलेला दिसला, निळा, आणि त्यावर चहाचं पातेलं. त्यामागच्या भिंतीवर एका बाईच्या खांद्याची सावली होती. एक खांदा खाली गेलेला, चेपल्यासारखा. ती सावली माझ्याकडे वळायला लागली आणि मी मागे सरकलो. खरं सांगतो, मी मागे सरकलो. एवढं करून मी मागे सरकलो.

फोन टिंग झाला. खाली नाव कस्तुरी.

"चहा टाकलाय. दूध नाही. तेवढं आण."

हे मी तळमजल्याच्या पायरीवर बसून लिहितोय. दामोदरकाकांचे फोन येतायत, सात झाले. कृष्णाजी मास्तरांचाही एक आला. म्हणजे मेल जायला लागलेत. बरं झालं. आता लपवायला काही उरलं नाही.

चहाचा वास इथपर्यंत येतोय. आलं घातलंय तिने. दुकान समोर आहे, उघडं आहे. मध्ये रस्ता आहे. पलीकडे तो हार घातलेला टेंपो उभा आहे. त्याच्या चाकांखालची लिंबं अजून फुटलेली नाहीत.

ती मला माफ करून दूध मागतेय, की तिला मी त्याच रस्त्यावर हवाय, हे मला कळत नाही. इतकी वर्षं मेलमधून दुसऱ्यांचा राग ओळखायची ती. मला तिचा कधी ओळखता आला नाही.

म्हणून मी तिच्यासारखंच केलंय. लगेच उठलो नाही. आधी मेल केला, "ताई, राग गेला का?" आणि उत्तराची वाट बघत बसलोय.

वर दार करकरलं. ड्रायव्हर टेंपोत चढला. उत्तर अजून यायचंय.